बाप्तिस्म्याने बेडी तुटली नाही

सन १६४० ची गोष्ट. अमेरिकेतल्या बोस्टन गावात अ‍ॅन हिबिन्स नावाच्या बाईने घरात सुताराकडून काम करून घेतले. ती एका बड्या व्यापाऱ्याची बायको. काम पुरे झाल्यावर सुताराने सांगितलेली मजुरी तिला अव्वाच्या सव्वा वाटली. तिने दुसऱ्या सुतारांकडे चौकशी केली, भाव काढला आणि हे कारागीर आपसात संगनमत करून लोकांना लुबाडतात असे ती उघड बोलू लागली. आता हा तंटा कसला? सरळ सरळ पैशाचा. आज कुणी ग्राहक मंचात गेले असते. पण बोस्टनमध्ये हे प्रकरण चालले ते चर्चमध्ये. तिला मंडळीसमोर उभे करण्यात आले. सुतारांची माफी माग, असे सांगण्यात आले. ती मागेना. मग सुताराची मजुरी बाजूलाच राहिली आणि मुद्दा आला तो तिच्या तोंडाचा! नवरा जिवंत असताना ही बाई स्वतः व्यवहार करते, नवऱ्याचे ऐकत नाही, म्हणजे बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे हा धर्मनियम हिने मोडला, असा ठपका ठेवून तिला चर्चमधून बहिष्कृत करण्यात आले. तिचा नवरा पुढे वसाहतीच्या न्यायाधिकाऱ्यांत बसला, तोवर ती वाचली. १६५४ मध्ये तो वारला आणि दोनच वर्षांनी, १६५६ मध्ये, त्याच बोस्टनमध्ये तिला चेटकीण ठरवून फासावर चढवण्यात आले.

ही हकिकत एवढ्यासाठी सांगितली की, अमेरिका म्हणजे धर्मस्वातंत्र्यासाठी पळून आलेल्या लोकांनी वसवलेला देश, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आपल्या सभांतूनही हे वाक्य येते. त्याला कारणही आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या भाषणात राजकीय क्रांतीच्या आधी धार्मिक आणि सामाजिक क्रांती व्हावी लागते हे पटवून देताना ल्यूथरचा दाखला दिला आणि प्युरिटन पंथाचाही दिला. नवे जग प्युरिटनांनी उभे केले, अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध त्याच प्रेरणेने जिंकले गेले, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा खोटा नाही. राजाने नेमलेल्या बिशपला झुगारून साध्या माणसांनी आपला पाद्री आपण निवडायचा, ही लहान गोष्ट नव्हती. पण बाबासाहेबांचे वाक्य पाठ करणे वेगळे आणि त्या वाक्यामागचा इतिहास वाचणे वेगळे. इंग्लंडमध्ये छळ सोसलेले हेच लोक समुद्रापलीकडे जाऊन सत्ताधारी झाले, तेव्हा त्यांनी काय केले? हा प्रश्न चळवळीतल्या माणसाने विचारलाच पाहिजे.

आधी एक गैरसमज दूर करू. मॅसॅच्युसेट्समध्ये पाद्र्यांचे राज्य होते, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. उलट इंग्लंडपेक्षा तिथल्या पाद्र्याच्या हातात कागदोपत्री सत्ता कमी होती. इंग्लंडमध्ये चर्चची स्वतंत्र न्यायालये होती. मृत्युपत्र, लग्न, व्यभिचार, पाखंड हे सगळे खटले तिथे चालत. प्युरिटनांनी ती न्यायालये नव्या देशात येऊच दिली नाहीत. पाद्र्याला सरकारी पद घेता येत नसे. आणि वाचकांना नवल वाटेल, पण लग्नसुद्धा पाद्री लावत नसे! लग्न हा दोन माणसांमधला करार आहे, तो न्यायाधिकाऱ्यासमोर व्हावा, अशी त्यांची रीत होती. भटाशिवाय लग्न लावण्यासाठी महात्मा फुल्यांच्या सत्यशोधकांना आपल्याकडे १८७३ नंतर केवढी लढाई करावी लागली हे आठवले, म्हणजे या गोष्टीची किंमत कळते.

मग चर्चची सत्ता आली कुठून? ती आली मताच्या मार्गाने. जॉन विन्थ्रॉपच्या पुढारीपणाखाली १६३० मध्ये हे लोक बोस्टनला उतरले आणि पुढच्याच वर्षी, १६३१ मध्ये, तिथल्या जनरल कोर्टाने ठराव केला की, जो चर्चचा सभासद असेल त्यालाच मतदार करून घ्यायचे. आणि सभासद होणे म्हणजे केवळ रविवारी जाऊन बसणे नव्हे. लवकरच अशी प्रथा पडली की, देवाने आपल्याला निवडले आहे याचा अनुभव मंडळीसमोर उभे राहून सांगायचा आणि तो खरा की खोटा हे आधीच्या सभासदांनी ठरवायचे. म्हणजे पाद्री गादीवर बसला नाही, पण गादीवर कोण बसणार हे ठरवणाऱ्या दरवाजावर मंडळी उभी राहिली. चर्चला यायची सक्ती मात्र सगळ्यांनाच. पाद्र्याच्या पगारासाठीचा करही सगळ्यांनाच. मत तेवढे काहींना.

न्यू हेवन वसाहत तर याहून पुढे गेली. १६३९ मध्ये तिथे ठरले की कायदा म्हणजे बायबल. बायबलात ज्युरी नाही, म्हणून तिथल्या कोर्टात ज्युरीच नाही! इंग्रज माणूस ज्या ज्युरीचा अभिमान बाळगतो, ती पोथीत सापडली नाही म्हणून रद्द. शब्दप्रामाण्य म्हणतात ते हेच. ते फक्त आपल्याकडेच आहे असे नाही.

चर्चची चौकशी चालायची ती ठरावीक पायऱ्यांनी. आधी एकट्याने समजावायचे, मग दोन साक्षीदार घेऊन समजावायचे, तरी ऐकले नाही तर सर्व मंडळीपुढे आणायचे. मग ताकीद. शेवटी बहिष्कार. दारू पिणे, चहाडी, नवरा-बायकोचे भांडण, जास्त भाव लावणे, सगळे या चौकशीत येई. रॉबर्ट केन नावाच्या व्यापाऱ्याने माल फार महाग विकला म्हणून १६३९ मध्ये सरकारने त्याला २०० पौंड दंड केला (पुढे बराचसा माफ केला) आणि त्याच गुन्ह्यासाठी चर्चनेही त्याला मंडळीपुढे उभे करून ताकीद दिली. एका गुन्ह्याला दोन कोर्टे. या केनला तो अपमान इतका लागला की, १६५३ मध्ये मृत्युपत्र लिहायला बसला तर दीडशे पानांच्या आसपास आपली बाजूच मांडत बसला! गंमत अशी की, अ‍ॅन हिबिन्सच्या चौकशीत कोण काय बोलले हे आज आपल्याला कळते, ते याच केनने चर्चमध्ये बसून लिहून ठेवलेल्या टिपणांमुळे.

लग्नानंतर सात महिन्यांच्या आत मूल झाले, तर अनेक गावांत नवरा-बायको दोघांना सर्वांसमोर उभे राहून पाप कबूल करावे लागे. त्याशिवाय त्या मुलाचा बाप्तिस्मा होत नसे. तान्ह्या पोराने काय पाप केले होते, हे कुणी विचारत नसे.

बहिष्काराचा नागरी हक्कांवर परिणाम व्हावा की नाही, यावर त्यांच्यात वाद झाला, हे मात्र नोंदवले पाहिजे. १६३८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा केला की, बहिष्कृत माणसाने सहा महिन्यांत चर्चशी मिळते घेतले नाही तर सरकार त्याला दंड, कैद, हद्दपारी काहीही करील. वर्षभरातच तो रद्द करावा लागला. पुढे १६४१ च्या ‘बॉडी ऑफ लिबर्टीज’ या संहितेच्या ६० व्या कलमात लिहिले गेले की, चर्चच्या शिक्षेमुळे कुणाचेही सरकारी पद जाणार नाही. बहिष्काराचे हत्यार किती भयंकर असते हे ते हत्यार चालवणाऱ्यांनाही उमगले होते. आपल्याकडे सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा, अशी मागणी बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेच्या काळापासून लावून धरली, १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये ती कलमवार लिहिली. आणि महाराष्ट्राला त्यासाठी स्वतंत्र कायदा करायला २०१६ साल उजाडले.

आता ही ‘बॉडी ऑफ लिबर्टीज’ जरा उघडून पाहू. तिचा मसुदा करणारा नॅथॅनियल वॉर्ड हा कायदा शिकलेला पाद्री. हक्कांची सनद म्हणून तिचे कौतुक होते आणि काही कलमे खरोखरच चांगली आहेत. कायद्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, बायकोला नवऱ्याने मारायचे नाही, वगैरे. देहदंडाच्या गुन्ह्यांची यादी आहे, त्यात मूर्तिपूजा, चेटूक, देवनिंदा, व्यभिचार येतात आणि प्रत्येकासमोर बायबलातला अध्याय आणि ओवी दिली आहे. ९२ वे कलम सांगते की माणसाच्या उपयोगाच्या जनावरांना क्रूरपणे वागवू नये. आणि त्याच्या बरोबर वरचे ९१ वे? ते सांगते की आमच्यात कुणी गुलाम असणार नाही, मात्र न्याय्य युद्धात पकडलेले कैदी आणि जे परके स्वतःला विकतील किंवा आम्हाला विकले जातील ते सोडून! ‘विकले जातील’ या दोन शब्दांत आफ्रिकेचा सगळा किनारा मावला. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या मुख्य भूमीवरच्या वसाहतींत गुलामगिरीला कायद्याने मान्यता देणारे हे पहिले कलम. ते हक्कांच्या सनदेत आले. बैलाला काठी मारू नका असे सांगणाऱ्या कलमाच्या शेजारी आले. मुंगीला साखर घालणारा माणूस तहानलेल्या माणसाला पाणवठ्यावरून हाकलतो, हे ज्यांच्या बापजाद्यांनी सोसले, त्यांना हा शेजार समजावून सांगावा लागणार नाही.

या राज्यात प्रश्न विचारणाऱ्यांचे काय झाले? सेलमचा पाद्री रॉजर विल्यम्स म्हणू लागला की, माणसाचे देवाशी असलेले नाते हा सरकारचा विषय नाही. आणि दुसरे असे की, ही जमीन इथल्या मूळ लोकांची आहे, इंग्लंडच्या राजाला ती दान करायचा अधिकारच काय? दोन्ही वाक्ये न पचणारी. १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. १६३६ च्या ऐन हिवाळ्यात तो पळाला, नॅरागॅन्सेट लोकांनी त्याला जागा दिली आणि त्याने प्रॉव्हिडन्स वसवले. चर्च आणि राज्य यांच्यामध्ये भिंत हवी, ही उपमा त्याने १६४४ मध्ये वापरली. जेफर्सनच्या तब्बल दीडशेहून अधिक वर्षे आधी.

अ‍ॅन हचिन्सन ही सुईण, पंधरा मुलांची आई. ती घरी बायकांना जमवून रविवारच्या प्रवचनावर चर्चा करी, पाद्र्यांच्या चुका दाखवी. पुढे पुरुषही येऊ लागले. १६३७ मध्ये सरकारी कोर्टाने तिला हद्दपार केले आणि १६३८ मध्ये बोस्टनच्या चर्चने बहिष्कृत केले. आधी राज्य, मग धर्म. हात दोन, फटका एकच. ती चर्चमधून बाहेर पडताना मेरी डायर नावाची तरुण बाई उठून तिच्याबरोबर चालत गेली. ही मेरी पुढे क्वेकर झाली. बंदी मोडून पुन्हा पुन्हा बोस्टनला आली म्हणून १ जून १६६० रोजी तिला फाशी दिले. स्वतः धर्मछळातून पळून आलेल्यांनी!

सेलमच्या १६९२ च्या चेटूक खटल्यांबद्दल बरेच लिहिले गेले आहे, म्हणून लांबण लावत नाही. १९ जणांना फाशी झाली, एकाला दगडांखाली चिरडून मारले. पहिला कबुलीजबाब कुणाकडून घेतला गेला? तिथल्या पाद्र्याच्याच घरात गुलाम असलेल्या तितुबाकडून. रिबेका नर्स या वृद्धेला कोर्टाने दोषी ठरवताच चर्चने बहिष्कृतही केले. तो बहिष्कार मागे घ्यायला १७१२ साल लागले. सगळ्या दोषी ठरवलेल्यांमध्ये शेवटचे नाव निर्दोष जाहीर झाले ते २०२२ मध्ये, एका शाळेतल्या मुलांनी पाठपुरावा केल्यावर. एका माणसाचे मात्र नाव घेतले पाहिजे. खटला चालवणाऱ्यांपैकी न्यायाधीश सॅम्युएल सीवॉल १६९७ मध्ये चर्चमध्ये उभा राहिला आणि त्याचा माफीनामा पाद्र्याने सर्वांसमोर वाचला. याच माणसाने १७०० मध्ये गुलामांच्या विक्रीविरुद्ध पुस्तिका लिहिली. न्यू इंग्लंडमधली ती पहिली.

इथवर उत्तरेचे झाले. पण आपल्या दृष्टीने खरे हादरवणारे कागद आहेत ते दक्षिणेतल्या व्हर्जिनियाचे. तिथे प्युरिटनांची सत्ता नव्हती, इंग्लंडच्या राजाचे अधिकृत चर्च होते. तिथे धर्मस्वातंत्र्याची भाषाही नव्हती, निदान ढोंग नव्हते. १६१० च्या सुमाराच्या लष्करी कायद्यात रोजची प्रार्थना चुकवली तर त्या दिवसाचे धान्य बंद, दुसऱ्यांदा चुकवली तर चाबूक, असे चढते दंड होते. पुढे प्रत्येक पॅरिशमध्ये वेस्ट्री म्हणजे गावातल्या बारा बड्या जमीनदारांची समिती नेमली गेली. एखाद्याची जागा रिकामी झाली की उरलेले अकरा नवा निवडत. कर बसवणे, गरिबांना मदत देणे, अनाथ पोरांना कुणाच्या तरी घरी कामाला बांधून देणे, शेतांच्या बांधांची पाहणी करणे, अनौरस संततीबद्दल कोर्टात तक्रार नेणे ही सगळी कामे ही वेस्ट्री आणि तिचे चर्चवॉर्डन करत. पाटील, तलाठी आणि जातपंचायत एका खुर्चीत बसल्यासारखे.

१६४० मध्ये तिथल्या कोर्टासमोर रॉबर्ट स्वीट या गोऱ्याचा खटला आला. एका काळ्या बाईला त्याच्यापासून दिवस गेले होते. निकाल एका वाक्याचा आहे: त्याने चर्चमध्ये प्रायश्चित्त करावे आणि बाईला फटके मारावेत. त्याला शरम, तिला चाबूक! पुरुषाचे नाव नोंदवले आहे, बाईचे नोंदवलेलेही नाही. तिची संमती होती का, हा प्रश्न त्या कागदाला पडलेला नाही.

तरीही सुरुवातीला एक फट होती. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला जन्मभर गुलाम ठेवू नये, अशी जुनी समजूत इंग्रजांत होती. एलिझाबेथ की ही इंग्रज बाप आणि आफ्रिकी आई यांची मुलगी. बापाने तिला ठरावीक वर्षांसाठी दुसऱ्याकडे ठेवले होते, मुदत संपली तरी सुटका होईना. तिने दावा लावला. माझा बाप स्वतंत्र इंग्रज आहे, माझा बाप्तिस्मा झाला आहे आणि माझी मुदत संपली आहे, असे तिचे म्हणणे. १६५६ मध्ये ती जिंकली. एका बाईने कायद्याच्या जोरावर स्वतःला आणि आपल्या मुलाला सोडवून घेतले.

मग मळेवाल्यांची झोप उडाली. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की, मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. इंग्लंडचा नियम बापावरून दर्जा ठरवण्याचा होता, तो उलटा केला, कारण मालकापासून झालेले मूलही मालकाची मालमत्ता राहिले पाहिजे. आणि १६६७ मध्ये दुसरा कायदा केला की, बाप्तिस्म्याने कुणाच्याही गुलामीत फरक पडणार नाही. कारण काय दिले? तर मालकांच्या मनातली शंका दूर झाली म्हणजे ते गुलामांमध्ये धर्मप्रसार अधिक उत्साहाने करतील! देवाच्या दारात सगळे सारखे, पण दाराबाहेर पडताच बेडी जिथल्या तिथे. उत्तरेतही हाच युक्तिवाद पुढे आला. बोस्टनचा विख्यात पाद्री कॉटन मॅदर याने १७०६ मध्ये पुस्तिका लिहून मालकांना हाच दिलासा दिला. आणि त्याच वर्षी त्याच्या मंडळीने त्याला एक गुलाम भेट म्हणून दिला.

१६९१ चा कायदा वाचताना तर हात थांबतो. गोऱ्या माणसाने काळ्या, मिश्र किंवा मूळनिवासी माणसाशी लग्न केले तर गोऱ्याला तीन महिन्यांत वसाहतीबाहेर हाकलायचे. गोऱ्या बाईला काळ्या पुरुषापासून लग्नाशिवाय मूल झाले, तर तिने चर्चवॉर्डनकडे १५ पौंड भरायचे. नसतील तर चर्चवॉर्डनने तिला पाच वर्षांसाठी विकायचे. पैशाची वाटणी तीन भागांत: एक राजाला, एक पॅरिशला, एक चुगली करणाऱ्याला. आणि मूल? ते चर्चवॉर्डनने तीस वर्षांचे होईपर्यंत वेठीला बांधून द्यायचे. रक्ताची राखण करायची कामगिरी चर्चच्या कारभाऱ्याकडे आली आणि त्यात चर्चचा एकतृतीयांश वाटाही आला. मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी निबंध वाचला, त्यात जातीचे मर्म पोटजातीतल्या लग्नबंदीत आहे आणि त्या बंदीचा भार बाईच्या देहावर टाकला जातो, असे दाखवून दिले. तो निबंध भारतातल्या जातींवर होता. पण १६९१ चा व्हर्जिनियाचा कायदा शेजारी ठेवून तो वाचून पाहा.

राज्य आणि चर्च वेगळे झाले ते हळूहळू. १६९१ च्या नव्या सनदेने मॅसॅच्युसेट्समध्ये मतासाठी चर्चऐवजी मालमत्तेची अट आणली. म्हणजे देवाच्या जागी पैसा बसला. व्हर्जिनियात परवान्याशिवाय उपदेश करतात म्हणून बॅप्टिस्ट प्रचारकांना १७६८ नंतर तुरुंगात डांबले जात होते. त्यांच्या रेट्याने आणि जेफर्सन, मॅडिसन यांच्या लेखणीने १७८६ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. १७९१ मध्ये घटनेची पहिली दुरुस्ती आली. ती फक्त केंद्राला लागू होती, म्हणून कनेक्टिकटने १८१८ पर्यंत आणि मॅसॅच्युसेट्सने १८३३ पर्यंत अधिकृत चर्च सांभाळले. आणि धर्मस्वातंत्र्याचा कायदा लिहिणारा जेफर्सन शेवटपर्यंत गुलामांचा मालक राहिला. व्हर्जिनियाच्या बॅप्टिस्टांनी १७९० मध्ये गुलामगिरीचा निषेध केला, पण थोड्याच वर्षांत हा राजकारणाचा विषय आहे म्हणून हात झटकले. १८३५ मध्ये दक्षिणेतल्या सव्हाना रिव्हर बॅप्टिस्ट संघटनेपुढे प्रश्न आला: गुलाम नवरा-बायकोपैकी एकाला दूरदेशी विकले, तर मागे राहिलेल्याने दुसरे लग्न करावे का? उत्तर देण्यात आले की करावे, कारण अशी ताटातूट म्हणजे मृत्यूच समजायचा. ज्याने विकले त्याच्यावर चौकशी नाही!

फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केली, ते गुलामांना मुक्त करणारे लोक होते. त्यांच्यातही चर्चची माणसे पुष्कळ होती, हे नाकारायचे कारण नाही. पण आधी काळ्या माणसांना स्वतःचे चर्च उभारावे लागले. फिलाडेल्फियात रिचर्ड अ‍ॅलन हा गुलामीतून स्वतःची किंमत भरून सुटलेला माणूस मेथडिस्ट उपदेशक झाला. गोऱ्यांच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या काळ्या भाविकांना ओढून उठवले गेले, तेव्हा तो आणि त्याचे सोबती बाहेर पडले. १७९४ मध्ये त्यांनी बेथेल चर्च उघडले. गोरे पुढारी म्हणू लागले की इमारत तुमची असली तरी मालकी आमच्या संघटनेची, आणि व्यासपीठावर उपदेशकही आमचाच. अ‍ॅलनला लिलावात बोली लावून स्वतःचेच चर्च विकत घ्यावे लागले. तरी एक गोरा उपदेशक व्यासपीठाचा हक्क मागत कोर्टात गेला. १८१६ च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये काळ्यांचे स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले. अ‍ॅलन त्याचा पहिला बिशप. सहाव्या रस्त्यावरचा तो जमिनीचा तुकडा आजही त्याच मंडळीच्या मालकीचा आहे.